एसआय ब्रोशर, नववी आवृत्ती: फुकट आहे, क्वालिटीवाल्यांनी घ्याच

भोसरी-चाकणला क्वालिटीत असलेल्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. मीटर, किलो, सेकंद वगैरे एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचं (एसआय) मूळ अधिकृत पुस्तक म्हणजे एसआय ब्रोशर, पॅरिसजवळच्या सेव्ह्र गावातली बीआयपीएम ही आंतरराष्ट्रीय वजनमापांची संस्था काढते आणि त्यांच्या साइटवर चक्क फुकट मिळतं. नुसतं नावाला ब्रोशर, आहे चांगलं जाडजूड. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही एकाच फाइलमध्ये, अधिकृत मजकूर फ्रेंच. अप्पा बळवंत चौकात प्रिंट मारून स्पायरल करणार असाल तर फक्त इंग्रजी पानं सांगा, नाहीतर उगाच डबल पैसे जातात.

सगळ्यात कामाचं पाचवं प्रकरण, म्हणजे आकडे आणि एककं लिहायची कशी. आकडा आणि एकक यांच्यात जागा सोडायची, किलोचा के स्मॉल, अनेकवचनाचा एस नाही, शेवटी टिंब नाही. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगवर एवढ्या चारही गोष्टी एकाच ओळीत चुकलेल्या असतात आणि वर सहीशिक्का. मोठे आकडे तीन-तीनच्या गटात, मध्ये फक्त जागा, स्वल्पविराम नाही, त्यामुळे आपल्या १,००,००० ची पंचाईतच आहे.

पण मला खरं आवडलं ते पहिलं परिशिष्ट. एककांबद्दलचे १८८९ पासूनचे आंतरराष्ट्रीय ठराव तारीखवार, रद्द झालेले पण तसेच ठेवलेत. लिटरचंच बघा, १९०१ मध्ये ठरवलं की एक किलो पाण्याचं आकारमान म्हणजे लिटर, मग लक्षात आलं की हे घन डेसिमीटरपेक्षा दहा लाखात २८ भाग जास्त भरतंय, १९६४ ला ती व्याख्याच काढून टाकली, आणि १९७९ ला कॅपिटल एल पण चालेल म्हणाले कारण स्मॉल एल एक आकड्यासारखा दिसतो. रिव्हिजन हिस्ट्री अशी ठेवतात राव! आमच्या एका ट्रेनिंगला भरपूर फी घेऊन स्लाइडवर अजून तोच प्लॅटिनम-इरिडियम धातूचा जुना प्रमाण किलो दाखवत होते, जो २० मे २०१९ लाच रिटायर झाला, आता किलो प्लँक स्थिरांकाच्या (भौतिकशास्त्रातला कधी न बदलणारा आकडा) ठरवून दिलेल्या किमतीवर चालतो.

अजून एक हुशारी म्हणजे पुस्तकात फक्त व्याख्या. ती व्याख्या लॅबमध्ये प्रत्यक्षात कशी आणायची (किलोसाठी किबल बॅलन्स, म्हणजे विजेच्या मापनावर चालणारा तराजू, वगैरे) त्याचे कागद साइटवर वेगळे, म्हणजे पद्धत सुधारली तर सगळं पुस्तक हलवायला नको. आपले एसओपी (कामाच्या लेखी पद्धती) असे असते तर ऑडिटच्या आदल्या रात्री कोणी जागलं नसतं.

तक्रार एकच. आठव्या आवृत्तीतल्या बिगर-एसआय एककांच्या तक्त्यात बार (दाबाचं एकक) होता, नवव्यात तो उडवलाय. आता आख्ख्या एमआयडीसीतले कॉम्प्रेसर बारवर चालतात, त्याचं काय करायचं ते दोन ओळीत तरी सांगायचं ना. आणि भाषा कोरडी ठणठणीत, झोप येत नसेल तर पहिलं प्रकरण उघडा.

पाचपैकी साडेचार. डाउनलोड त्यांच्याच साइटवरून करा आणि व्हर्जन नंबर बघून घ्या, कारण व्हॉट्सॅपवर २०१९ ची पीडीएफ फिरतीये, त्यात २०२२ ला आलेले रोन्ना, क्वेटा हे (किलो, मेगासारखे, पण खूप मोठ्या पटींचे) प्रिफिक्स नाहीयेत.