लोह-फॉलिक आम्लाची गोळी की बहुसूक्ष्मपोषक गोळी?

गरोदरपणात रोज घ्यायच्या गोळीचे मुख्यतः दोन पर्याय आहेत. पहिली केवळ लोह आणि फॉलिक आम्ल असलेली, तर दुसरी 15 जीवनसत्त्वे व खनिजे एकत्र असलेली. फॉलिक आम्ल दोन्हींत साधारणपणे 400 मायक्रोग्रॅमच असते. लोह मात्र पहिलीत 30 ते 60 मिलिग्रॅम, तर दुसरीच्या प्रमाणित सूत्रात 30 मिलिग्रॅम असून जोडीला जस्त, आयोडीन, सेलेनियम आणि ड जीवनसत्त्व असते.

बाळाच्या वजनापुरते पाहिले तर दुसरी गोळी सरस ठरते, कारण 2019 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) तिच्यामुळे 2,500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळे जन्मण्याचे प्रमाण लोह-फॉलिकच्या तुलनेत सुमारे 12 टक्क्यांनी कमी आढळले. सरासरी वजनातील वाढ मात्र इतकी थोडी असते की बाळ हातात घेतल्यावर ती जाणवणारही नाही. खरा फरक पडतो तो 2,500 ग्रॅमच्या रेषेजवळच्या बाळांना, आणि त्यातही आई रक्तक्षयी असेल तेव्हा अधिक.

तरीही रक्तक्षय तीव्र असल्यास 30 मिलिग्रॅम लोह पुरत नाही आणि डॉक्टर जास्त मात्रा देतात. ती मळमळ व बद्धकोष्ठतेमुळे नकोशी होते, शौचाचा काळा रंग पाहून काहीजणी घाबरून गोळी बंदही करतात, वास्तविक तो रंग निरुपद्रवी असतो. दोन्ही गोळ्या मनाने एकत्र घेऊ नयेत, कारण लोहाची मात्रा वाढते.