तीन हजारांत गाडी राखायची तर: लॉक, चोरस्विच की ट्रॅकर?

भाच्याने गणपतीच्या सुमारास सेकंडहँड वॅगन-आर घेतली. २०१२ चं मॉडेल, पेट्रोल, पावणेदोन लाखांना. राहायला डोंबिवली पूर्वेला. इमारत जुनी, खाली पार्किंग म्हणजे दोन स्कूटर आणि पाण्याचा पंप, त्यामुळे गाडी रात्रभर गल्लीत. महिना झाला नसेल तोच पलीकडच्या गल्लीत एका मारुती इको व्हॅनचा सायलेन्सर चोरीला गेला आणि याची झोप उडाली. फोन आला, "मामा, तीन हजार बाजूला काढलेत. लॉक घेऊ, जीपीएस घेऊ की इन्शुरन्स वाढवू?"

इकोचं प्रकरण निराळं. तिच्या सायलेन्सरच्या नळीत जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. चोराला गाडी नकोच असते. त्यावर गॅरेजमधून लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घेणे, एवढाच उपाय. मी लिहितोय ते अख्खी गाडी जाऊ नये म्हणून.

आधी चावी बघा

बाजारात जाण्याआधी मी भाच्याला दोन गोष्टी बघायला सांगितल्या. पहिली, चावीत चिप आहे का. इग्निशन ऑन केल्यावर डॅशबोर्डवर चावीची किंवा गाडी-कुलपाची खूण असलेला दिवा लागून विझतो का बघायचं. मारुती याला 'आयकॅट्स' म्हणते, बाकीचे इमोबिलायझर. चावीतली चिप आणि इंजिनाचा कॉम्प्युटर यांची ओळख पटली तरच इंजिन चालू राहतं. अशा गाडीत नुसत्या वायरी जोडून काम भागत नाही. जुन्या मारुती ८०० किंवा तशा बऱ्याच गाड्यांत हे नसतं, तिथे सगळा हिशेब बदलतो.

चिप म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे. ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो ती खाच) यंत्र लावून नवी चावी ओळखीची करून घेता येते, आणि हे काम करणाऱ्या टोळ्या आहेत. पण त्यांचा डोळा सहसा नव्या, महागड्या गाड्यांवर. चौदा वर्षांच्या वॅगन-आरमागे लागणारा चोर बहुधा साधा असतो.

दुसरी गोष्ट, दोन्ही चाव्या हातात आहेत का. भाच्याकडे एकच होती. "एजंट म्हणाला, दुसरी देतो शोधून." ती अजून सापडायची आहे. ती कुणाच्या खुंटीला लटकतेय हे ठाऊक नसताना दीड हजाराचं लॉक आणायला धावणं म्हणजे मागचं दार सताड उघडं टाकून पुढच्या दाराला दोन कड्या. सेकंडहँड गाडी घेताना दुसरी चावी मिळेपर्यंत हजार-दोन हजार अडवून ठेवा. देऊन बसला असाल तर चावीवाल्याकडून हरवलेली चावी यादीतून पुसून घेता येते. तेवढ्याने ती इंजिन चालू करू शकत नाही, दार मात्र उघडते.

स्टेअरिंग लॉक की गिअर लॉक

भाच्याने चौकशी केली तेव्हा स्टेअरिंग लॉक सातशेपासून बाराशेपर्यंत होतं, गिअर लॉक बसवून साडेतीन हजार. दुकानदार अर्थातच गिअर लॉककडे ढकलत होता.

वस्तू म्हणून गिअर लॉकच सरस, यात वाद नाही. ते गाडीच्या लोखंडाला बोल्टने जखडलेलं असतं, आणि बोल्टचं डोकं घट्ट होताना तुटून पडेल असंच बनवलेलं असतं. मग पान्याला धरायला काही उरत नाही. रिव्हर्समध्ये टाकून लॉक केलं की गाडी पुढे नेता येत नाही. रोज काढायला-घालायला सोपं. खोट एकच, बाहेरून दिसत नाही. चोर काच फोडून किंवा दार उघडून आत शिरल्यावरच त्याला कळतं. गाडी वाचली तरी काच तुमच्या खिशातून जाते.

स्टेअरिंग लॉकचं उलट. मी हौसेने एक प्रयोग करून पाहिला आहे. भंगारवाल्याकडून जुनं स्टेअरिंग आणलं, त्याला घरचं लॉक अडकवलं आणि लोखंड कापायची करवत घेऊन बसलो. लॉकच्या दांड्यावर नुसते ओरखडे. मग स्टेअरिंगची कडाच कापायला घेतली. वरचं रबर लोण्यासारखं गेलं, आतली सळई बोटाएवढी. चहा निवायच्या आत कडा तुटली, थोडी फाकवली आणि लॉक हातात आलं. तेव्हा लॉकची जाडी बघून भुलू नका. ते ज्याला अडकवता ती चीज बारीक आहे.

तरीही तीन हजारांत मी स्टेअरिंग लॉकच घ्यायला सांगितलं, कारण ते दिसतं. लाल-पिवळा दांडा काचेतून दिसला की गल्लीत उभ्या पाच गाड्यांपैकी चोर बाकीच्या चार आधी बघतो. अमेरिकेत इमोबिलायझर नसलेल्या ह्युंदाई आणि किया गाड्या २०२२ च्या सुमारास धडाधड चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा त्या कंपन्यांनी पोलिसांमार्फत लोकांना फुकट काय वाटलं? स्टेअरिंग लॉक.

घेताना दांडा विंडस्क्रीनला किंवा दाराला टेकेल इतका लांब आहे ना, एवढं बघा. खेळायला जागा राहिली तर स्टेअरिंग अर्धं फिरतं. क्लच-ब्रेकला अडकवायचं पेडल लॉकही मिळतं, पण रोज रात्री वाकून पायांखाली हात घालायचा कंटाळा पंधरा दिवसांत येतो, आणि डिकीत पडलेलं लॉक कसलंच नसतं.

टोइंग करून नेणाऱ्यापुढे मात्र दोन्ही लॉक लंगडी पडतात, आणि आपल्याकडे गाडी उचलून नेताना दिसली की लोक रस्ता मोकळा करून देतात. त्यासाठी चाकं फुटपाथकडे पूर्ण वळवून, हँडब्रेक ओढून, पुढचं तोंड भिंतीला लावून उभी करा. हे फुकट आहे.

चोरस्विच

माझं मन इथे. कुणी कट-ऑफ म्हणतं, कुणी किल स्विच. आमचा वायरमन चोरस्विचच म्हणतो, चोरखिशासारखा. गाडीतल्या, इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाच्या रिलेला (पंपाचा करंट चालू-बंद करणारी डबी) जाणारी बारीक वायर तोडून मध्ये एक छुपं बटण टाकायचं. बटण बंद असलं की स्टार्टर फिरतो, पाइपमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन क्षणभर चालूही होतं, मग गचके खात बंद. चोराला वाटतं गाडीच बिघडलेली आहे, आणि बिघडलेली गाडी घेऊन रस्त्यात उभं राहायला कुणाला आवडेल?

खर्च? बटण, वायर, फ्यूज आणि मजुरी धरून भाच्याचे साडेसहाशे गेले. एवढ्या पैशात असं काम करणारी दुसरी चीज मला माहीत नाही. चिपवर मात करून आलेल्या चोरालाही हे अडवतं, कारण ते कॉम्प्युटरच्या बाहेर आहे.

पण काम करून घेताना वायरमनच्या मागे उभे राहा. पंपाची मुख्य जाड वायर तोडून तिथे बटण बसवायला तयार असणारे बरेच असतात, कारण ते सोपं. त्या वायरीतून सगळा करंट जातो. हलकं बटण तापतं, आणि एक दिवस भर घाटात पंप बंद. रिलेच्या कॉइलची ती बारीक वायर तोडली तर बटणातून नाममात्र करंट जातो. सांधा सोल्डर केलेला हवा, वर स्लीव्ह हवी. नुसती पिळून टेप मारलेली वायर पावसाळ्यात दगा देते. बटणही हात सहज जाईल पण नजर जाणार नाही अशा जागी: सीटखाली, कार्पेटच्या कडेला. स्टेअरिंगखाली नको, चोर तिथे पहिल्यांदा चाचपतो.

सीएनजी असेल तर आणखी एक मेख आहे. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये बटण दाबून धरलं की गाडी थेट गॅसवर सुरू करता येते. म्हणजे पेट्रोल पंप तोडून ठेवलात तरी गाडी निघाली. तिथे गॅसचा व्हॉल्व्हही त्याच स्विचवर घ्यावा लागतो, आणि ते काम किट बसवणाऱ्याकडूनच करून घ्यावं. वॉरंटीतल्या गाडीत वायरला हातच लावू नका. ज्याला एक रुपयाही खर्चायचा नाही त्याने लांबच्या गावी जाताना पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकावा. रोज ते जमत नाही, पण आठ दिवस गाडी उभी राहणार असेल तर छान.

ट्रॅकर

लोकांना हाच सर्वात आवडतो, मोबाइलवर गाडी पळताना दिसते म्हणून. पण ट्रॅकर चोरी थांबवत नाही, चोरीनंतरचं काम करतो. वायरिंगला जोडायचा, सिमवाला ट्रॅकर दोन-अडीच हजारांत येतो आणि वर दरसालचा रिचार्ज. तीन हजारांत तो घेतला की बाकी कशालाच पैसे उरत नाहीत, आणि पुढच्या वर्षी रिचार्ज भरायला विसरलात तर गाडीत एक मुकं डबडं. ओबीडीत खोचायचा तर घेऊच नका. चोर तो उपटून गटारात टाकतो.

ब्लूटूथ टॅग स्वस्त पडतात. अँड्रॉइडवर चालणारे दीड हजाराच्या आसपास, अ‍ॅपलचा एअरटॅग साधारण साडेतीन. रिचार्ज नाही, बॅटरी वर्षभर. आजूबाजूच्या लोकांच्या फोनवरून त्याचा ठावठिकाणा कळतो, म्हणजे डोंबिवली-कल्याणच्या गर्दीत उत्तम आणि माळशेजच्या पलीकडे रामभरोसे. शिवाय अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय, ही सूचना हल्ली आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर येते. पाळत ठेवणाऱ्यांना रोखण्यासाठी ती सोय आहे आणि योग्यच आहे, पण ती चोरालाही मिळते. पुढे कधी पैसे आले तर सिमवाला घ्या. आणि नकाशावर ठिपका दिसला म्हणून स्वतः धावू नका, पोलिसांना घेऊन जा.

फास्टॅग हा आपल्याकडे आधीच असलेला फुकटचा अर्धा ट्रॅकर. गाडी गेली की घाईघाईने तो बंद करू नका. पडघ्याच्या किंवा खालापूरच्या टोलवर पैसे कापल्याचा मेसेज आला तर नाशिक की पुणे, दिशा तरी कळेल. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मात्र ऑक्टोबर २०२४ पासून कारना टोल माफ आहे, तिथला मेसेज येणार नाही.

सायरनबद्दल काय सांगू? मांजर बोनेटवर बसलं तरी वाजतो आणि तिसऱ्या रात्रीपासून कुणी खिडकीसुद्धा उघडत नाही. काचांवर गाडीचा नंबर कोरून घेणं शंभर-दोनशेत होतं, करून टाका. नंबरप्लेट एचएसआरपी, म्हणजे सरकारी नियमाची हाय सिक्युरिटी प्लेट, हवीच. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे आणि कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी पडतो. हा खर्च मी या तीन हजारांत धरलेला नाही, तो टळणारा नाही.

आणि विमा

थर्ड पार्टी विम्यात चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. हे माहीत नसलेले लोक मला अजून भेटतात. हजार सीसीच्या आतल्या कारचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने २,०९४ रुपये. भाच्याला ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी भरून देणारा भाग, जोडून घ्यायला सव्वादोन हजार जादा सांगितले. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, कंपनी आणि आपण मिळून ठरवतो, आणि चोरीत तीच हातात येते. एक लाख तीस हजारांवर ठरली. पावणेदोन लाख कर्जाऊ काढून घेतलेल्या माणसाने हा हप्ता भरावाच. पन्नास हजारांची मारुती ८०० असती तर मी म्हटलं असतं, राहू दे, स्विच लाव.

एआरएआय (गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था) प्रमाणित चोरीविरोधी यंत्र बसवलं तर ओन डॅमेजच्या हप्त्यात अडीच टक्के सूट असते, जास्तीत जास्त पाचशे. भाच्याच्या बाबतीत ते छप्पन रुपये होतात.

सेकंडहँडवाल्यांनी एक बघायलाच हवं: पॉलिसी कुणाच्या नावावर आहे? आरसी तुमच्या नावावर झाली की थर्ड पार्टीचं संरक्षण आपोआप तुमच्याकडे येतं, ओन डॅमेजचं येत नाही. चौदा दिवसांत अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्या, नाहीतर चोरीचा क्लेम अडकतो.

मी यात पोळलो आहे. २००९ मध्ये माझी गाडी दारासमोरून गेली. विमा पूर्ण होता, पण कंपनीने दोन्ही चाव्या मागितल्या आणि एक आमच्याकडून कधीचीच हरवली होती. तिने ती कुठे हरवली, कधी हरवली, तेव्हा तक्रार का नाही केली, असं विचारत अकरा महिने नाचवलं. शेवटी पैसे आले, तेही कापून. चावी हरवली तर त्याच दिवशी पोलिसांकडे नोंद करा. चोरी झाली तर एफआयआर तत्काळ. जुलै २०२४ पासून ऑनलाइन कळवून तीन दिवसांत सही करायची सोय कायद्यात आहे. कंपनीलाही लगेच कळवा. पोलिसांकडे वेळेत गेला असाल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्याच कारणाने खरा क्लेम नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलं आहे, पण तिथपर्यंत जायची हौस कुणाला? गाडी सापडलीच नाही तर 'अ' समरीचा कागद लागतो, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. त्याशिवाय चेक निघत नाही.

भाच्याने शेवटी स्टेअरिंग लॉक नऊशेचं घेतलं, साडेसहाशेचा स्विच, काचांवर नंबर दीडशे, आणि उरलेल्या तेराशेत साडेनऊशे घालून ओन डॅमेज. बजेट साडेनऊशेने सुटलं, पण ओन डॅमेजऐवजी ट्रॅकर घेतला असता तर रिचार्जसकट तेवढंच सुटलं असतं. जुनी चावी पुसून नवी करून घेणं पुढच्या पगारावर ढकललंय, ते मला पटलेलं नाही.

परवा सकाळी सात वाजता भाचेसुनेचा फोन. "मामा, हे टूरवर गेलेत आणि मला ठाण्याला जायचंय. गाडी दोनदा सुरू होऊन बंद पडली. मेकॅनिकला बोलवू का?"

त्याने तिला स्विचबद्दल सांगितलंच नव्हतं.