एकाच वायरीतून डिश आणि केबल: डिप्लेक्सर आणि टीव्हीतील सॅटेलाइट ट्यूनर यांचे परीक्षण

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या इमारतीत गच्चीपासून प्रत्येक घराच्या हॉलपर्यंत टीव्हीसाठी भिंतीतून एकच पाईप आलेला आहे आणि त्या पाईपात एकच आरजी-६ वायर मावते. त्या वायरीवर केबलचे कनेक्शन आधीपासून होते. डीडी फ्री डिशही घरात हवी होती, कारण सह्याद्री वाहिनी, पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या आणि आकाशवाणीची केंद्रे हे सारे तिथे मासिक शुल्काशिवाय मिळते. दुसरीकडे केबल सोडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आई ज्या मालिका पाहते त्या सशुल्क मराठी वाहिन्यांवर लागतात. बाहेरच्या भिंतीवरून दुसरी वायर लोंबती सोडायला सोसायटीची परवानगी नाही आणि तयार घराची भिंत फोडण्यात अर्थ नव्हता. अशा वेळी डिप्लेक्सरची जोडी आणि टीव्हीतच बसवलेला सॅटेलाइट ट्यूनर या दोन वस्तूंनी काम भागते का, हे पाहण्यासाठी ही जोडणी केली. ती उत्तम चालते, असे पूर्ण एका पावसाळ्याच्या वापरानंतर निःशंकपणे सांगता येईल. मात्र ती कोण बसवतो आणि कशी बसवतो, यावर बरेच काही अवलंबून आहे.

डिप्लेक्सर ही काड्यापेटीएवढी धातूची डबी असते. तिला तीन तोंडे असतात: एकावर टीव्ही, दुसऱ्यावर सॅट असे लिहिलेले असते आणि तिसरे तोंड दोन्ही सिग्नल एकत्र वाहणाऱ्या वायरीसाठी असते. हे शक्य होते, कारण दोन्ही सिग्नल वायरीतून वेगवेगळ्या कंप्रतांवर (फ्रिक्वेन्सींवर) प्रवास करतात. केबलचा सिग्नल जास्तीत जास्त ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत असतो, तर डिशसमोरच्या दांड्यावरचा एलएनबी हा सिग्नल पकडणारा भाग उपग्रहाकडून आलेला सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवून खाली पाठवतो. उदाहरणार्थ, फ्री डिशच्या ११,०९० मेगाहर्ट्झवरील प्रवाहातून एलएनबीची स्वतःची ९,७५० ही स्थानिक कंप्रता वजा होते आणि तो वायरीत १,३४० मेगाहर्ट्झवर येतो. केबल खालच्या पट्ट्यात, उपग्रह वरच्या पट्ट्यात आणि मध्ये मोकळी जागा, अशी ही व्यवस्था आहे. गच्चीवरची डबी दोन्ही सिग्नल एकत्र करते आणि टीव्हीमागची तशीच दुसरी डबी ते पुन्हा वेगळे करते. सॅट तोंडाची वायर थेट टीव्हीच्या सॅटेलाइट सॉकेटात जाते, टीव्ही तोंडाची वायर केबलच्या सेटटॉप बॉक्सला जाते आणि बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला जोडला जातो.

आणखी एक काम ही डबी गुपचूप करते आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. एलएनबीला लागणारी वीज टीव्हीचा ट्यूनर त्याच वायरीतून वर पाठवतो. उभ्या ध्रुवीकरणासाठी, म्हणजे सिग्नलच्या लहरी उभ्या कंपत असतील तर, १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट. चांगल्या डिप्लेक्सरमध्ये ही वीज फक्त सॅट तोंडातून जाते आणि टीव्ही तोंडाकडे अडवली जाते. ती केबलच्या लाईनमध्ये शिरली, तर तिथल्या उपकरणांना इजा होऊ शकते आणि इमारतीतल्या इतरांनाही त्रास होऊ शकतो.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण म्हणजे पहिल्या फिटिंगमध्ये नेमके हेच डावलले गेले होते. डिश विकत घेतली त्या दुकानाने पाठवलेल्या फिटरने डिप्लेक्सरऐवजी केबलवाले वापरतात तो साधा स्प्लिटर उलटा लावून दोन्ही वायरी जोडून दिल्या, केबल दिसते आहे हे दाखवले आणि डिशचा सिग्नल ‘हवा साफ झाली की येईल’ असे सांगून तो निघून गेला. त्या स्प्लिटरच्या पत्र्यावर ५–१००० मेगाहर्ट्झ असे स्पष्ट छापलेले होते. ज्या वस्तूची क्षमता हजार मेगाहर्ट्झला संपते, तिच्यातून १,३४० मेगाहर्ट्झचा सिग्नल धडपणे कसा पार होणार? हवा कितीही स्वच्छ झाली, तरी त्याने काही फरक पडणार नव्हता. शिवाय असा स्प्लिटर दोन मार्गांना सिग्नल वाटताना साडेतीन ते चार डेसिबेल खातो, तर डिप्लेक्सरमध्ये ही घट साधारण एक ते दोन डेसिबेल असते. दुकानात दोन्ही डब्या शेजारीशेजारी टांगलेल्या असतात आणि दिसायलाही सारख्याच असतात. म्हणून विकत घेताना तोंडांवरची अक्षरे आणि पट्ट्याचे आकडे वाचून घ्यावेत. महात्मा गांधी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत डिप्लेक्सर मिळतो. तो समोर ठेवलेला नसला, तरी मागितल्यावर आतून काढून देतात, आणि जोडीची किंमत काहीशे रुपयांच्या पलीकडे जात नाही.

दुसरे फिटिंग सिडकोतील एका वयस्कर तंत्रज्ञांनी केले आणि कामात फरक कशाने पडतो हे त्यांच्याकडे पाहून कळले. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते; तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांश आणि ७३.८ अंश पूर्व रेखांशावर असल्याने येथून तो उपग्रह आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास १३४ अंशांच्या आसपास, आणि क्षितिजापासून सुमारे ५७ ते ५८ अंश उंचीवर असतो. एवढ्या उंचीमुळे शेजारच्या इमारती सहसा आड येत नाहीत. आड येते ती आपल्याच गच्चीवरची पाण्याची टाकी. आमच्या गच्चीवर डिशची जागा त्यामुळेच बदलावी लागली. एलएनबी त्याच्या पकडीत सरळ न ठेवता तिरका फिरवावा लागतो. नाशिकसाठी हा कल हिशेबाने ४३ अंशांच्या जवळपास येतो, आणि बहुतेक फिटर घाईत दुर्लक्ष करतात ते याच गोष्टीकडे. आमच्याकडे डिश जागेवर घट्ट बसवून झाल्यावर त्यांनी एलएनबी बोटभर फिरवला आणि मीटरवरचा क्वालिटीचा आकडा डोळ्यांदेखत वर चढला. स्ट्रेंथ मात्र होती तेवढीच राहिली. स्ट्रेंथ भरपूर पण क्वालिटी कमी असेल, तर एलएनबीचा कोन तपासावा हे तेव्हा कायमचे लक्षात राहिले.

वायरीबाबत त्यांचा आग्रह आणखी कडक होता. बाजारातल्या स्वस्त आरजी-६ वायरीत मधली तार लोखंडाची असून तिच्यावर तांब्याचा मुलामा असतो. उंच कंप्रतेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच जात असल्याने सिग्नलपुरते ते चालून जाते, पण एलएनबीसाठी वर जाणारी वीज संपूर्ण तारेतून जाते आणि लांब अंतरावर तिचा व्होल्टेज पडतो. आमच्या चौथ्या मजल्यापासून गच्ची जवळ असली, तरी वायर जिन्याच्या डक्टमधून फिरून येते. म्हणून पाईपातली जुनी वायर ओढून काढताना तिच्याच टोकाला बांधून शुद्ध तांब्याची नवी वायर आत घेतली. हजार मेगाहर्ट्झला या जातीच्या वायरीत शंभर मीटरमागे वीस डेसिबेलच्या आसपास घट होते. घरगुती अंतरात ती सोसण्याजोगी असते. वाटेत सांधे वाढले की खरा घात होतो. टेप गुंडाळलेला एकही जोड त्यांनी ठेवला नाही. सगळीकडे दाबून बसवायचे एफ-कनेक्टर वापरले, गच्चीवरच्या कनेक्टरांवर रबरी टोपणे चढवली आणि वायर एलएनबीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी कनेक्टरकडे न वाहता झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. गच्चीवरचा डिप्लेक्सर उघड्यावर न ठेवता खाली तोंड असलेल्या प्लास्टिकच्या पेटीत बसवला. आषाढातल्या सलग झडीत एकाही दिवशी ओलाव्यामुळे चित्र गेले नाही. मुसळधार सर कोसळताना काही मिनिटे चित्राचे चौकोन होतात, परंतु डिशसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू बँड या कंप्रता-पट्ट्याचा हा स्वभावच आहे आणि त्याचा दोष फिटिंगवर ढकलता येणार नाही. त्याचप्रमाणे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या आसपास, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटे सिग्नल जातो. त्या वेळी कोणालाही बोलावू नये आणि डिशला हात लावू नये.

आता टीव्हीच्या ट्यूनरविषयी. भारतीय मानक ब्यूरोने अंगभूत सॅटेलाइट ट्यूनर असलेल्या टीव्हींसाठी आयएस १८११२:२०२२ हे मानक काढले आहे, त्यामुळे अशा टीव्हींबद्दल लोक विचारू लागले आहेत. दुकानात बॉक्सवरचा मजकूर वाचत बसण्यापेक्षा टीव्हीची मागची बाजू पाहावी: आटे असलेले, कनेक्टर फिरवून बसवायचे सॉकेट असेल तर तो सॅटेलाइटचा ट्यूनर, आणि नुसती पिन आत ढकलायची असेल तर ते अँटेना किंवा केबलचे सॉकेट. आमच्या टीव्हीवर दोन्ही आहेत. ट्यूनर चित्र दाबून पाठवण्याचे एमपेग-२ (जुना) आणि एमपेग-४ (नवा) हे दोन्ही प्रकार दाखवतो, त्यामुळे जुन्या फ्री डिश बॉक्सवर न दिसणाऱ्या वाहिन्याही इथे दिसतात. वेगळा बॉक्स नाही, त्याचा अडॅप्टर नाही, आणि सह्याद्री पाहायला आईला रिमोट बदलावा लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. चित्र बॉक्समधून येणाऱ्या चित्रापेक्षा स्वच्छ वाटते, विशेषतः बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडलेला असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

ट्यूनरच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आपोआप शोध घेताना टीव्ही भलत्याच उपग्रहांची नावे पुढे करतो. तिथे हाताने ११,०९० मेगाहर्ट्झ, उभे ध्रुवीकरण आणि २९,५०० सिम्बॉल रेट भरावा लागला, तेव्हा कुठे पहिल्या वाहिन्या लागल्या. वाहिन्यांचा क्रम टीव्ही स्वतःच्या मर्जीने लावतो आणि तो बदलण्याचा पडदा इतका किचकट आहे की वयस्कर माणसांकडून तो होणार नाही. फ्री डिशवरील खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्यांत बरेच फेरबदल होतात. बॉक्समध्ये बऱ्याचदा हे आपोआप घडते, आमच्या टीव्हीत मात्र नव्याने शोध घेऊन आवडीची यादी पुन्हा लावावी लागते. घरात कोणी तरुण माणूस नसेल, तर या एका कारणासाठी वेगळा बॉक्स घेणेच बरे.

केबलच्या बाजूला या जोडणीने काहीही बिघडले नाही. बॉक्सच्या सिग्नलच्या पडद्यावर आकडे पूर्वीसारखेच राहिले. टीव्हीत केबलचा ट्यूनर असला, तरी केबलच्या वाहिन्या सांकेतिक रूपात येत असल्याने ऑपरेटरचा बॉक्स काढून टाकता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मुळात डिप्लेक्सरचे टीव्ही तोंड छपरावरच्या अँटेनासाठी असते आणि अनेक देशांत डिश व अँटेना मिळून घरातली एकच वायर वाटून घेणे हीच रूढ पद्धत आहे. आपल्याकडे दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये डीव्हीबी-टी२ (थोडक्यात टी२) पद्धतीचे डिजिटल भूप्रक्षेपण, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून अँटेनासाठी केलेले प्रक्षेपण, १६ शहरांत सुरू केले. त्यांत महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद ही दोन शहरे होती, नाशिक नव्हते. आमच्या टीव्हीत टी२ ट्यूनर आहे, म्हणून गच्चीवर एक यूएचएफ अँटेना तात्पुरती लावून शोध घेतला, पण एकही वाहिनी लागली नाही. कसाऱ्याच्या घाटापलीकडून मुंबईचा सिग्नल येईल, अशी अपेक्षाही नव्हती. नाशिकसारख्या शहराला डिजिटल भूप्रक्षेपण मिळायला हवे होते, असे मनापासून वाटते; पावसाच्या सरीत डिश मुकी होते, तेव्हा जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारा सिग्नल टिकून राहतो आणि सार्वजनिक प्रसारणाची खरी गरज अशाच वेळी असते. ज्यांचे घर टी२ चालू असलेल्या शहरात आहे, त्यांनी केबलच्या जागी अँटेना जोडली तरी बाकीची जोडणी जशीच्या तशी राहते, फक्त त्या बाजूची वायर बॉक्सऐवजी टीव्हीच्या अँटेना सॉकेटात जाते. अँटेनाला बूस्टर असेल, तर त्याची वीज स्वतंत्र द्यावी लागते, कारण टीव्ही तोंड वीज अडवते.

दुसऱ्या खोलीतही टीव्ही असेल, तर सुरुवातीलाच दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा आणि त्या खोलीसाठी डिप्लेक्सरची वेगळी जोडी लावावी. मागाहून केवळ एलएनबी बदलण्यासाठी पुन्हा गच्चीवर माणूस पाठवला, की त्याची मजुरी एलएनबीच्या किमतीहून जास्त होते. फिटरला पैसे देण्याआधी त्याच्या मीटरवर नव्हे, तर आपल्या टीव्हीच्या पडद्यावर क्वालिटीचा आकडा पाहावा, त्याच वेळी केबलचा बॉक्सही चालू ठेवावा आणि दोन्ही चित्रे एकाच वेळी नीट दिसत आहेत याची खात्री करून मगच त्याला गच्चीवरून खाली बोलवावे.