'आय-७' म्हणून विकलेला गेमिंग पीसी: पैसे मोजण्याआधी हे बघा

दुकानात पाटी होती: 'कोअर आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११'. चवथीच्या ऑफरमध्ये ३८ हजार. म्हापशातल्या त्या दुकानातून माझ्या थोरल्या भावाने मुलासाठी हा पीसी हप्त्यावर घेतला. पाटीवर जे लिहिलं नव्हतं, त्यातच सगळी मेख होती.

डिचोलीला घरी आणून जोडला. विंडोज नीट चाललं, पण व्हॅलोरंट हा गेम सुरूच होईना. टीपीएम २.० (नव्या पीसींमध्ये असणारी सुरक्षा चिप) लागेल असा संदेश यायचा. दुकानदार फोनवर म्हणाला, "तुमचं नेट स्लो असेल." मी टास्क मॅनेजर उघडून पाहिला: आय-७ ४७७०. म्हणजे चौथ्या पिढीचा, २०१३ सालचा प्रोसेसर. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, इथे विंडोज बसवताना होणारी ही तपासणी चुकवून ते बसवलेलं. आय-७ हे नाव पिढ्यानपिढ्या चालत आलंय, त्यामुळे पुढचा आकडा कळल्याशिवाय किंमत ठरवताच येत नाही. २०२२चा आय-३ १२१०० या जुन्या आय-७ला सहज मागे टाकतो.

कार्डाचा प्रकार तर सरळसरळ लबाडीचा. स्टिकरवर एनव्हिडिया कंपनीच्या कार्डाचं नाव, जीटीएक्स १०५० टीआय, विंडोजही तेच नाव दाखवत होतं. पण कॅबिनेटच्या मागे पाहिलं, तर कार्डावर निळं व्हीजीए पोर्ट, म्हणजे जुन्या ॲनालॉग मॉनिटरची जोडणी! १०५० टीआयच्या चिपमध्ये ॲनालॉग आउटपुटच नसतं. मग ग्राफिक्स कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात कार्डाच्या नावाआधी 'फेक' आणि चिप जीएफ११६, म्हणजे जीटीएक्स ५५० टीआयच्या काळातली, २०११च्या सुमाराची. जुन्या कार्डाचा बायॉस (कार्डातच साठवलेला, त्याची ओळख सांगणारा प्रोग्रॅम) बदलून त्याला नवं नाव चिकटवतात. एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायला गेलात की ते उघडं पडतं, कारण या चिपांना तो मिळणं २०१८मध्येच थांबलं.

पुतण्या शाळेतून आला की अजून विचारतो, "काका, काय झालं त्याचं?" हप्ते तर चालूच आहेत.

आम्ही दुकानात गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "आय-७ सांगितला, आय-७च दिला." बिलावर फक्त 'असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग'. कार्डाचा स्क्रीनशॉट दाखवल्यावर मात्र माणूस गप्प झाला, आणि कार्ड बदलून देतो म्हणाला. प्रोसेसरबद्दल ऐकूनच घ्यायला तयार नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. तिथे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

तुम्ही घेणार असाल तर दुकानातच पीसी चालू करून जीपीयू-झेड लावायला सांगा. बिलावर प्रोसेसर, कार्ड, मदरबोर्ड, रॅम आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय), प्रत्येकाचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. "एवढं कोण लिहीत बसणार?" म्हणाला, तर पैसे देऊ नका.