सायकल डवरा, आठ महिने : मुठीच्या उंचीचा प्रश्न

गेल्या जूनमध्ये तालुक्याच्या गावातून सायकल डवरा विकत आणला. वापराच्या चौथ्या दिवशी तो मोडला, दुकानदाराशी वाद झाला, गावातल्या वेल्डिंग मिस्त्रीकडून तो जवळजवळ नव्याने बांधून घेतला, आणि आता फेब्रुवारीत, सोयाबीन, तूर आणि हरभरा या तिन्ही पिकांत चालवून झाल्यावर, हा अनुभव लिहीत आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला सायकल कोळपे म्हणतात तेच हे अवजार: पुढे सायकलचे चाक, मागे मूठ, आणि मध्ये जमिनीलगत तण कापणारे आडवे धारदार पाते, त्याला पास म्हणतात. मूठ धरून ते पिकाच्या ओळींमधून ढकलायचे; ओळींमधले तण असे कापणे म्हणजेच डवरणी किंवा कोळपणी. माझी जमीन बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यात आहे, तीन एकर, भारी काळी. बैलजोडी सहा वर्षांपूर्वी विकली. तेव्हापासून डवरणीसाठी दुसऱ्याच्या बैलांची वाट पाहण्यात वाफसा, म्हणजे माती कामाला योग्य इतकी ओलसर असण्याची वेळ, निघून जातो, हा आमच्याकडच्या प्रत्येक लहान शेतकऱ्याचा अनुभव आहे.

मोडण्याची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघाले. २४ जूनला सोयाबीन पेरले आणि अठराव्या दिवशी डवरा शेतात घातला. चौथ्या दिवशी मातीत दडलेला मुठीएवढा दगड पासेला लागला आणि पास धरणारी पट्टी चाक धरणाऱ्या चिमट्यापासून तुटून वेगळी झाली. तुटलेला भाग मी घरी आणून धुऊन पाहिला. वेल्डिंगचा टाका जसाच्या तसा शाबूत होता आणि त्याच्या अगदी कडेने, धाग्याएवढ्या अंतरावर, चिमट्याचा पाइप गोलाकार फाटला होता. सायकलचा पाइप पातळ असतो आणि त्यावर तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीची पट्टी थेट चिकटवली होती. जाड लोखंड तापेपर्यंत पातळ पाइप जळतो आणि टाक्याच्या कडेला कमजोर होतो. हा तुकडा घेऊन मी दुकानात गेलो, तेव्हा तो हातातही न घेता मला सांगण्यात आले, ‘‘शेतीच्या अवजाराला गॅरंटी नसते, तुम्ही जोरात दाबलं असेल.’’ डवऱ्याची किंमत १,८०० रुपये होती. माझ्याकडे निंदणाच्या बाईची रोजची मजुरी ३०० रुपये आहे, म्हणजे सहा बायांच्या दिवसभराच्या मजुरीचे अवजार चार दिवसांत निकामी झाले होते आणि विकणाऱ्याला त्याचे काहीही वाटत नव्हते. सोयाबीनला पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस तणमुक्त ठेवावे लागतात, त्यामुळे भांडत बसायला मला वेळ नव्हता. वेळ असता तर मी ते प्रकरण सोडले नसते.

गावातल्या मिस्त्रीने तुकडा पाहताच दोष ओळखला. त्याने चिमट्याच्या पाइपावर बाहीसारखा दुसरा जाड पाइप चढवला, पट्टी त्या जाड पाइपाला जोडली आणि कोपऱ्यात त्रिकोणी पट्टीचा आधार दिला. ४५० रुपये घेतले. त्यानंतर हा सांधा आजवर हललेला नाही. तरीही त्या दिवशी मी वहीत लिहून ठेवले होते की हे अवजार बैलांच्या डवऱ्याची जागा घेऊ शकणार नाही आणि पैसे वाया गेले. ते मत मला बदलावे लागले, आणि ते बदलायला माझी पत्नी कारणीभूत झाली.

आमच्याकडे निंदण, खुरपण ही कामे बहुतांशी बायकाच करतात. दुरुस्तीनंतर दोन दिवसांनी पत्नीने डवरा हातात घेतला. तिने जेमतेम एक तास धरला आणि बांधावर आणून उभा केला. म्हणाली, ‘‘हा तुमच्या उंचीचा आहे. माझ्या हातात पास जमिनीवरून नुसती सरकते, कापत नाही.’’ मी आधी समजलो की जोर कमी पडत असेल. मग तिच्या मागे चालत ओळीतल्या मातीकडे पाहिले. खरोखरच पास मातीला घासत होती, तणाची पाने दबत होती आणि पास पुढे गेल्यावर पुन्हा उभी राहत होती. त्याच पासेने, त्याच मातीत, माझ्या हातून तण मुळासकट उलटे पडत होते.

याचे कारण माझ्या पुतण्याने समजावून सांगितले. त्याने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली असून चाकणला नोकरी करतो, आणि त्या आठवड्यात तो सुटीवर आला होता. एकचाकी डवऱ्यात मूठ, पट्टी आणि पास हे सगळे एकाच सांगाड्याला पक्के जोडलेले असतात आणि तो संपूर्ण सांगाडा चाकाच्या आसाभोवती फिरतो. मूठ खाली आली की सांगाडा मागे कलतो, पासेची पुढची धार वर उचलली जाते आणि मागची कड जमिनीला टेकते. अशी पास घासते, शिरत नाही. मूठ वर गेली की धार खाली झुकते, पास खोल शिरते आणि डवरा अडतो. म्हणजे मुठीची उंची हा केवळ पाठ दुखण्या-न दुखण्याचा प्रश्न नाही, धार जमिनीला कोणत्या कोनात लागणार हे तीच ठरवते. माझी उंची पाच फूट आठ इंच आणि पत्नीची पाच फूट. दुकानातला डवरा माझ्यासारख्याच्या मापाने पक्का जोडलेला होता, आणि ज्यांच्या हातात तो सर्वांत जास्त राहायचा त्या बायकांच्या हातात तो चालतच नव्हता. आजवर पाहिलेल्या सायकल डवऱ्यांपैकी बहुतेकांत हाच दोष मला दिसला आहे. चाक, रंग, टायर यांबद्दल विक्रेते भरपूर बोलतात, मात्र मूठ किती उंचीवर आहे आणि ती बदलता येते का, हे कोणीही सांगत नाही.

पुतण्याने आधी माझ्या, पत्नीच्या आणि आईच्या कोपराची जमिनीपासूनची उंची दोरीने मोजली. मग पुठ्ठ्यावर अर्धचंद्राच्या आकाराची एक पट्टी काढली आणि तिच्यावर पाच भोके आखली. मिस्त्रीने ती दोन सूत जाडीच्या पत्र्यातून कापली. मूठ आता सांगाड्याला एका बोल्टवर फिरते आणि दुसरा बोल्ट या पाच भोकांपैकी एकात बसतो. १७ नंबरच्या पान्याने बोल्ट काढायचा, मूठ हवी तिथे आणायची आणि पुन्हा आवळायचा, इतकेच काम. पासेचा कोन त्यामुळे जागचा हलत नाही. पत्नी दुसऱ्या भोकावर चालवते, मी पाचव्या भोकावर. बदलायला दोन मिनिटे लागतात. या पट्टीचा खर्च कापण्या-जोडण्यासह २२० रुपये आला. २२० रुपयांच्या पट्टीमुळे एका अवजाराला घरात दोन माणसे मिळाली, आणि माझी नाराजी तिथेच संपली. सकाळी ती दीड तास चालवते, मग मी घेतो. एकट्याने चालवण्यापेक्षा हे कितीतरी सुसह्य आहे.

अशा कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि ती माहीत असायला हवी. बैल परवडत नाहीत म्हणून सायकलच्या चाकाला पास जोडण्याचे काम जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णी येथील गोपाळ मल्हारी भिसे यांनी केले, आणि त्यांचा ‘कृषिराजा’ अनेक ठिकाणी पोहोचला. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी मोटारसायकललाच अवजार जोडून बैलांचे काम करून घेतले. अशा लोकांचे शोध त्यांच्या नावासह नोंदवण्याचे काम अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी उभ्या केलेल्या हनी बी नेटवर्कने केले, आणि पुढे २००० मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन झाले. मधमाशीचे नाव घेण्यामागे विचार आहे. ती फुलातून मकरंद नेते, पण फुलाला गरीब करत नाही, आणि एका फुलाला दुसऱ्याशी जोडते. शेतकऱ्याची कल्पना घ्यायची तर त्याचे नाव टिकले पाहिजे आणि सुधारलेली कल्पना त्याच्या भाषेत त्याच्याकडे परत गेली पाहिजे. तालुक्याच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या डवऱ्यावर मूळ कल्पना कोणाची याचा उल्लेख नव्हता आणि वापरणाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची तयारीही नव्हती. मला वाटते, हे दोन्ही दोष एकाच मुळातून येतात.

कल्पना परत कशी येते हे मी पासेच्या बाबतीत पाहिले. मूळ पास साध्या पट्टीची होती. दोन दिवसांत तिची धार गोल व्हायची आणि मी रोज संध्याकाळी कानस घेऊन बसायचो. आमचा डवरा पाहायला लोणारकडचे एक शेतकरी आले होते. त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला आणि सांगितले की भंगारातला कमानपाटा, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगची पट्टी, आणा, लोहाराकडून ठोकून, पाणी पाजून (तापवून पाण्यात बुडवून कडक करून) घ्या, मग आठवडाभर कानस लागणार नाही. तसेच झाले. कमानपाट्याचे पोलाद कडक असते आणि धार धरून ठेवते. त्याच्या बदल्यात ते आमच्या अर्धचंद्र पट्टीचा पुठ्ठा गिरवून घेऊन गेले. सोयाबीनच्या दोन ओळींत आमच्याकडे १८ इंच अंतर असते, म्हणून पास १२ इंचांची ठेवली आहे, दोन्ही बाजूंना रोपापासून तीन तीन इंच सुटतात. हरभऱ्यासाठी १२ इंच अंतरात चालणारी सात इंचांची वेगळी पास करून घेतली.

टायरबद्दल मी पावसाळ्यात सगळ्यांना जे सांगितले होते ते आता मागे घेतो. हवा भरलेला टायर ढेकळांवरून मऊ चालतो, असे मी कौतुकाने सांगत असे. ऑक्टोबरपर्यंत बाभळीच्या काट्यांनी ट्यूब पाच वेळा पंक्चर झाली. अखेर ट्यूब काढून टाकली आणि टायरमध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे ठासून भरले. चाक थोडे जड झाले, पण काम मध्येच थांबत नाही. लहान शेतकऱ्याला मऊ चालीपेक्षा न थांबणारे चाक अधिक उपयोगी आहे.

कामाचा हिशेब असा. सकाळी सात ते अकरा या चार तासांत दोघे मिळून वीस गुंठे डवरणी होते. १८ इंचांच्या ओळींत वीस गुंठ्यांसाठी सुमारे साडेचार किलोमीटर चालावे लागते, एकराला नऊ. ज्याला हे चालणे शक्य नाही त्याने हे अवजार घेऊ नये. ओळीतले, रोपाला चिकटून असलेले तण तसेच राहते आणि त्यासाठी निंदण करावेच लागते, पण मला पूर्वी एकरी चौदा मजूर लागत, यंदा आठांत भागले. त्याशिवाय ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला तेव्हा वरची माती मोकळी राहिल्याने भेगा पडल्या नाहीत आणि ओल टिकली. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे म्हणतात ते याचसाठी.

वाफसा नसताना मात्र हे अवजार निरुपयोगी आहे. ओल्या काळ्या मातीत पासेवर दहा पावलांत गोळा जमतो. तण दोन-चार पानांवर असतानाच काम चांगले होते, तण घोट्याएवढे झाले की पासेत गुंडाळते. लव्हाळा आणि कुंदा या चिवट तणांना ते वरून कापते, पण लव्हाळ्याच्या गाठी आणि कुंद्याच्या काशा मातीत राहतात आणि आठवड्याभरात पुन्हा हिरवे दिसते. अशा जागी कुदळीने खणून काढणे हाच उपाय आम्ही केला.

नव्याने बनवणाऱ्यांनी भंगारातली जुनी सायकल घ्यावी. आमच्याकडे ती ४०० रुपयांत मिळते आणि पाइप, पास, मजुरी धरून सगळा डवरा १,५०० रुपयांच्या आत होतो. मिस्त्रीला पहिल्यांदा सांगायची गोष्ट म्हणजे पट्टी सायकलच्या पाइपाला थेट जोडू नये, आणि त्याच वेळी जी बाई तो चालवणार तिला शेजारी उभे करून मुठीचे माप घ्यावे. पत्नीच्या बचत गटातील पाच जणींनी जानेवारीत असे डवरे बनवून घेतले. पुठ्ठ्याचा साचा मिस्त्रीच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे, तो कोणालाही मोफत गिरवून घेता येतो, आणि त्यावर पुतण्याने भिसे यांचे नाव वर आणि लोणारच्या त्या शेतकऱ्यांचे, त्यांना विचारून, खाली लिहिले आहे.

आठ महिन्यांच्या वापराने अर्धचंद्र पट्टीचे दुसरे भोक घासून लांबट झाले आहे आणि तिथे मूठ किंचित हलते. पाचवे भोक मात्र अजून गोल आहे. मृगाआधी दुसऱ्या भोकात बुश, म्हणजे आतून बसणारी धातूची नळी, बसवून घ्यायचा आहे.