जुन्या रायफलच्या दस्त्यासाठी ट्रू-ऑइल : वापरून झाल्यावरचं मत

स्वस्तातल्या जुन्या शिकारी रायफलीत लोखंड बहुतेक वेळा चांगलं असतं, काटकसर केलेली असते ती लाकडात. माझ्या बोल्ट-अ‍ॅक्शन (हाताने बोल्ट, म्हणजे खिटी, मागे-पुढे ओढून चालवायच्या) रायफलचा दस्ता, म्हणजे नळी बसवलेला लाकडी भाग, बर्च या फिकट लाकडाचा आहे. तो अक्रोडाचा वाटावा म्हणून कारखान्यातच गडद रंग देऊन वर लॅकरचा जाड, चकचकीत थर चढवला होता. पुढे तो थर तडकला, टवके उडाले आणि उघड्या लाकडात घाम नि बंदुकीचं तेल मुरून काळे डाग पडले. तो सगळा थर उतरवून मी दस्त्याला बर्चवुड केसी या कंपनीचं ट्रू-ऑइल, म्हणजे दस्त्याच्या लाकडाला लावायचं तेल, लावलं. काम मनासारखं झालं.

हे तेल मुख्यतः जवसाच्या तेलापासून बनतं, पण ते आधीच पॉलिमराइझ केलेलं, म्हणजे रेणू एकमेकांत गुंफून दाट केलेलं, असतं. कच्चं जवसाचं तेल लाकडात खोल जातं, मात्र सुकायला दिवसच्या दिवस घेतं आणि पाण्यापुढे फारसं टिकत नाही. ट्रू-ऑइलचा पातळ थर दोनेक तासांत हाताला कोरडा लागतो. पातळ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. बोटावर दोन-चार थेंब घ्यायचे, तळव्याची ऊब लागेपर्यंत चोळायचे आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढत न्यायचे. जाड लावलं की वरून साय धरते, आत चिकट राहतं आणि धूळ बसते. घाई असलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

तेलाचं श्रेय तेलाला, पण अर्धं काम बाटली उघडण्याआधीचं आहे. पहिली गोष्ट, रायफल रिकामी आहे हे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा) दोन्हींत डोळ्यांनी पाहून, बोटाने चाचपून खात्री करायची. मग बोल्ट काढायचा आणि दस्ता नळीपासून वेगळा करायचा. लॅकर काढायला पेंट रिमूव्हर वापरा, पॉलिश पेपर नको. पेपरने सुरुवात केली की कडा गोल होतात, आणि दस्त्याच्या मागच्या टोकाची प्लेट लाकडाच्या वर उठून दिसू लागते. ते परत भरून येत नाही. त्या भागात मी प्लेट जागेवर ठेवूनच, तिच्यावर चिकटपट्टी लावून घासतो.

दबलेल्या खळग्यांसाठी वाफ. ओलं फडकं ठेवायचं, वर गरम इस्त्री टेकवायची. चेपलेले तंतू पाणी पिऊन फुगतात आणि खळगा वर येतो. जिथे तंतू तुटलेत तिथे हा उपाय चालत नाही, आणि ती खूण राहू द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. वापरलेल्या रायफलीवर वापर दिसायलाच हवा. शेवटी लाकूड एकदा ओलं करून वाळवायचं, वर उभी राहिलेली कुसं बारीक पेपरने काढायची.

बर्चला रंग द्यायचा असेल तर तो तेलाच्या आधीच, आणि जपून, कारण हे लाकूड रंग सगळीकडे सारखा पीत नाही, ढग ढग दिसतात. मी रंग दिलाच नाही. तेलाने स्वतःच मधासारखी पिवळसर झाक आली आणि लॅकरखाली दडलेल्या लाटा उठून दिसल्या. अक्रोडाची नक्कल करण्यापेक्षा ते बर्च मला कितीतरी देखणं वाटतं. दस्ता अक्रोडाचाच असेल तर त्याची उघडी छिद्रं भरायला पहिले थर चारशे नंबरच्या पेपरने ओले घासावेत. लाकडाचा भुगा आणि तेल मिळून जो लगदा होतो तोच छिद्रांत बसतो. पकडीवरचं चौकड्यांचं कोरीव काम मात्र झाकून ठेवा. तिथे पातळ केलेलं तेल जुन्या टूथब्रशने लावायचं, नाहीतर कोरीव काम बुजतं.

चमक हा या तेलाचा एकच गुण मला रुचत नाही. बरेच थर दिले की पुन्हा काचेसारखा दस्ता दिसतो, आणि शिकारीच्या हत्यारावर तो उन्हात लकाकणं बरं नाही. उपाय सोपा आहे : शेवटचा थर पूर्ण कडक झाला की चार-शून्य (0000) नंबरचं अगदी बारीक स्टील वूल, म्हणजे पोलादी तारांचा काथ्या, अगदी हलक्या हाताने फिरवायचं. पुढे ओरखडा आला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येतं. लॅकरवर असं ठिगळ दिसल्याशिवाय राहत नाही.

न दिसणाऱ्या जागांना तेल द्यायला विसरू नका. नळीखालची खाच, आतली पोकळी, मागच्या प्लेटखालचं उघडं टोक, ही ठिकाणं बहुतेक स्वस्त रायफलींत कोरीच सोडलेली असतात. दमट हवेत तिथून ओल शिरते, दस्ता फुगतो, वाकतो, नळीला टेकतो आणि नेम सरकतो. माझ्या लेखी या डागडुजीतली खरी सुधारणा हीच. नळीच्या निळाईसाठी (पोलादावरच्या निळसर-काळ्या रंगासाठी) मिळणारी कोल्ड ब्लू या द्रावणाची बाटली छोट्या पांढऱ्या ओरखड्यापुरती ठीक, सबंध नळीसाठी नाही. आणि चाप, खटका, चेंबर हे काम बंदूक-कारागिराचंच.

तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. बाटली लहानच घ्या. एका दस्त्याला ती पुरून उरते, आणि अर्धवट बाटलीत हवा राहिली की असं कुठलंही तेल आतल्या आत घट्ट होत जातं.