गरम पाण्याचा फ्लो मीटर : टर्बाइनवालाच घ्या, पण स्टीलचा

नागावला आमची २०० लिटरची छोटी ब्रूअरी आहे. एका बॅचला ४० किलो माल्ट, त्यावर ७२ ते ७५ अंशांचं ११० लिटर पाणी आणि मग धुवायला ७८ अंशांचं. एकूण पाण्यात दहा लिटर जास्त पडले तरी वर्ट (माल्टचा गोड अर्क, ज्याची पुढे बिअर होते) पातळ होतो, म्हणून किती पाणी गेलं ते मोजणारा हा मीटर नीट पारखून घेतला.

ऑनलाइन शे-दोनशेला मिळणारा काळा प्लास्टिकचा हॉल सेन्सर (चक्रावरच्या चुंबकाने फेरे मोजणारा) घेऊ नका. त्याची मर्यादा ८० अंशांची, आणि आपलं काम त्या मर्यादेला खेटूनच चालतं. मॅग्नेटिक मीटरमध्ये फिरणारा भागच नसतो. तो उत्तमच, पण किंमत कितीतरी पट, शिवाय लाइनर, म्हणजे आतलं अस्तर, टेफ्लॉनचा हवा. आम्ही मुंबईच्या नागदेवी बाजारातून पाऊण इंची, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, १२० अंश सोसणारा टर्बाइन मीटर आणला; यात पाण्याच्या धारेने आतलं चक्र फिरतं. ३०४ ग्रेडचा स्वस्त पडतो, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत त्यावर तांबूस ठिपके लवकर येतात. डिस्प्ले वेगळा, भिंतीवर लावता येणारा, हे मला फार आवडलं. वाफेत डोकं घालून आकडे वाचावे लागत नाहीत.

खरी गंमत जोडणीत आहे. मीटर पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला लावा. ओढीच्या बाजूला गरम पाण्यात बुडबुडे धरतात आणि चक्र उगाच जास्त फिरतं. मीटरआधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ नळी ठेवा, व्हॉल्व्ह मीटरनंतर. म्हणजे पाइप कायम भरलेला राहतो.

मग काट्यावर तपासा, आणि तेही गरम पाण्यानेच. ७५ अंशांना एक लिटर पाणी साधारण ९७५ ग्रॅम भरतं, म्हणजे मीटरने २० लिटर दाखवले की काट्यावर साडेएकोणीस किलो यायला हवेत. २० किलो धरून पल्स (लिटरमागे मीटर किती ठोके देतो तो आकडा) सेट केलात तर प्रत्येक बॅचला अडीच टक्के पाणी जास्त जाईल. आमचा मीटर एक टक्क्याच्या आत बसला. मी समाधानी आहे.

गाळणी मात्र आधी बसवाच. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यातून बारीक तांबडी माती येते आणि चक्राच्या बेअरिंगला तीच खाते.

तुमची बॅच ५० लिटरच्या आत असेल तर मीटर नको, चांगला वजनकाटा घ्या.